टोपी वाळणार कुठे?

हिवाळी ट्रेकला नाव नोंदवलेली मंडळी मला फोन करतात तेव्हा बुटांबद्दल खूप विचारतात, जॅकेटबद्दल त्याहून जास्त, आणि फोन ठेवता ठेवता म्हणतात, "ताई, टोपी लोकरीची घेऊ की फ्लीसची?" मला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो या शेवटच्या प्रश्नाला. उत्तर देण्याआधी समोरच्या माणसाबद्दल बरंच काही कळावं लागतं. चढताना घाम कपाळावरून ओघळतो का, केस लांब आहेत का, चष्मा आहे का, रात्री कान झाकल्याशिवाय झोप लागते का. माणूस गोंधळतो. त्याला एका शब्दाचं उत्तर हवं असतं आणि मी त्याच्या घामाची चौकशी करत बसते. पण इतकी वर्षं या टोप्या विकत घेऊन, वाटून, धुऊन, वाळवून झाल्यावर माझी खात्री झाली आहे की टोपीचा प्रश्न घामापासूनच सुरू करावा लागतो.

माझं काम साहित्याचं. उत्तरकाशीहून गंगोत्रीकडे जाताना भटवाडी लागते, तिथून डोंगरावर चढलं की रैथल. या गावात आमच्या संस्थेचा हिवाळी तळ असतो. बांज आणि बुरांसच्या जंगलातून, गुईच्या मोकळ्या कुरणावरून वाट दयारा बुग्यालला जाते. बुग्याल म्हणजे झाडांची हद्द संपल्यावर लागणारं डोंगरमाथ्याचं गवताळ कुरण. अकरा ते बारा हजार फुटांवर पसरलेलं दयाराचं हे कुरण जानेवारीत पूर्ण बर्फाखाली असतं आणि समोर बंदरपूंछ उभा राहतो. चढ फार कठीण नाही, म्हणून महाराष्ट्रातून पहिल्यांदा बर्फात येणारे खूप असतात. कॉलेजची मुलं असतात, बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, दोघी-तिघी मैत्रिणी मिळून आलेल्या असतात. स्टोअरमध्ये तंबू, स्लीपिंग बॅग, बुटांखाली बांधायचे खिळे, गेटर, पाठपिशव्या हे सगळं माझ्या ताब्यात. जॅकेट आणि बूट आम्ही भाड्याने देतो. टोपी देत नाही. एकाच्या डोक्याची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊ नये, हा साधा स्वच्छतेचा नियम. त्यामुळे टोपी प्रत्येकाने आपली आणायची, आणि म्हणून तो फोन.

पहिल्या संध्याकाळी मी सगळ्यांना स्टोअरसमोर बसवते आणि प्रत्येकाची टोपी हातात घेऊन बघते. कुणीतरी हमखास सांगतं की शरीराची अर्धी उष्णता डोक्यातून निघून जाते. हे अमेरिकन लष्कराच्या १९७० सालच्या एका पुस्तिकेत ४० ते ४५ टक्के असा आकडा देऊन छापलं होतं. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांनी ते सप्रमाण खोडून काढलं. डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा आहे आणि उष्णताही जवळपास तेवढ्याच प्रमाणात जाते. हे ऐकलं की काही जणांना वाटतं, मग टोपीचं एवढं काय? तर त्याला दोन कारणं आहेत. थंडी पडली की शरीर हातापायांच्या बोटांकडचं रक्त आखडतं घेतं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. डोक्याच्या कातडीत तसं फारसं होत नाही, तिथलं रक्त वाहतच राहतं आणि उघड्या डोक्यातून ऊब जात राहते. दुसरं कारण कान. कानाच्या कडेला चरबी जवळपास नाही, जाडी नाही, आणि वारा थेट तिच्यावर येतो. आपल्याकडे तान्ह्या बाळाला कुंची बांधणाऱ्या आज्या "कानाला वारा लागू देऊ नका" म्हणतात. दयाराच्या धारेवर उभं राहिलं की त्यांचं म्हणणं शब्दशः पटतं.

आता घामाकडे येते. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला चढायची सवय असते ती दमट हवेत, भरभर आणि घामाने निथळत. हरिश्चंद्रगड चढताना डोक्याला बांधलेला सुती रुमाल पिळून पुन्हा बांधायचा, ही आपली रीत. तिथे ती योग्यच आहे, कारण ओला सुती कपडा डोकं थंड ठेवतो आणि तिथे तेच हवं असतं. तोच माणूस तीच चाल घेऊन बर्फात चढतो. जंगलात वारा नसतो, उन्हाची तिरीप असते, डोकं तापतं, टोपी भिजते. मग झाडी संपते, धार लागते, समोरून वारा येतो आणि भिजलेली टोपी काही मिनिटांत कडक होते. थंडी बाहेरून येते खरी, पण तिला आत घ्यायचं दार आपल्याच घामाने उघडलेलं असतं.

सांगलीकडचा असा एक तरुण अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्या दिवशी मी गटाबरोबर वर गेले होते, एरवी माझं काम खाली असतं. त्याच्या डोक्यावर जाड सुती टोपी होती, त्यावर जॅकेटचं टोपडं. चालीला तो सगळ्यांत पुढे. धारेवर पोचल्यावर त्याने टोपडं मागे टाकलं आणि फोटो काढत उभा राहिला. थोड्या वेळाने त्याच्या उजव्या कानाचं टोक मला मेणासारखं पांढरं दिसलं. विचारलं तर म्हणाला, काहीच होत नाहीये. काहीच होत नाहीये, हेच लक्षण. हिमदंशाची ती पहिली पायरी. त्याला वाऱ्याकडे पाठ करून बसवलं, ओली टोपी काढली, माझे हात जॅकेटच्या आत गरम करून तळवे त्याच्या कानांवर नुसते धरून ठेवले. अशा वेळी चोळायचं नाही, बर्फ तर लावायचाच नाही. थिजलेल्या कातडीला घासून इजा होते. हळूहळू रंग परतला आणि कान झणझणायला लागला तेव्हा तो कळवळला, आणि मला हायसं वाटलं. माझ्या पाठपिशवीत नेहमी एक जादा लोकरीची टोपी असते, ती त्याला घातली. दोन दिवस कान लाल राहिला, मग बरा झाला. त्याच्या टोपीचा दोष एवढाच की ती सुती होती. सुताला पाणी धरून ठेवायला आवडतं आणि ओल्या सुतात हवा राहत नाही. लोकर की सिंथेटिक हा वाद त्यानंतरचा. सुती टोपी बर्फात आणायची नाही, यावर मला चर्चाच मान्य नाही.

लोकर वेगळी का वागते, हे मी मुलांना एक धागा सोडवून दाखवते. मेंढीच्या केसाला उपजत नागमोडी वळणं असतात. दोन केस एकमेकांना चिकटून सरळ बसत नाहीत, मध्ये हवेला जागा राहते, आणि ऊब धरते ती ही अडकलेली हवा. केसाचा बाहेरचा खवल्यांचा थर पाण्याचा थेंब झटकतो, पण आतला गाभा वाफ शोषून घेतो. दमट हवेत लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकं बाष्प पोटात घेऊ शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. एवढंच नाही, बाष्प शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. थोडीच, पण तंबूतून पहाटे बाहेर पडल्यावरच्या पहिल्या मिनिटांत ती जाणवते असा माझा अनुभव आहे. पॉलिएस्टरचा तंतू याच्या उलट. त्याच्या आत पाणी जवळपास शिरतच नाही, वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून फ्लीसची टोपी पिळली, दोनदा झटकली, की बरीचशी कोरडी. लोकरीची टोपी एकदा खरोखर भिजली, नळाखाली धरल्यासारखी भिजली, तर ती वर तंबूत वाळत नाही. उणे सात-आठला दोरीवर टाकलेलं रात्रीत वाळत नाही, फक्त गोठतं.

म्हणून मी विचारते, टोपी वाळणार कुठे?

चढताना घातलेली टोपी भिजणारच. ती वाळायला दोनच जागा आहेत, चालत्या माणसाच्या पाठपिशवीवर उन्हात, नाहीतर जॅकेटच्या आत पोटाशी. दोन्हीकडे पातळ सिंथेटिक टोपी तासाभरात परत घालण्याजोगी होते. म्हणून चढाईला मी पातळ पॉलिएस्टरची, कान झाकणारी साधी टोपी सांगते, आतून किंचित लव असलेली. घाम फारच येणाऱ्याला तर फक्त कपाळपट्टी, कानांवरून जाणारी, डोकं उघडं. लोकरीची टोपी तोवर पिशवीत कोरडी ठेवायची आणि थांबल्याबरोबर, थंडी वाजायच्या आधी, बदलायची. हे "आधी" मी परत परत सांगते. थंडी वाजू लागल्यावर बदललेली टोपी उशिरा बदललेली असते. कॅम्पवर पोचल्यापासून दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत डोक्यावर लोकर. जेवताना, तारे बघताना, झोपताना. रात्रभर श्वासाची वाफ येते, तंबूच्या आतल्या बाजूला दव धरून त्याचं बर्फ होतं, सकाळी ते चेहऱ्यावर झडतं, स्लीपिंग बॅगेची कड ओलसर होते. या सगळ्या बारक्या ओलीत लोकर उबदार राहते. तिच्या बाहेरच्या केसांवर पांढरी साय जमते, ती हाताने झटकली की झालं.

या दोन टोप्यांचं मिळून वजन एका पाण्याच्या बाटलीच्या चौथाईइतकंही होत नाही. तरी माणसं म्हणतात, ताई, एकच सांगा. एकच न्यायची तर लोकरीची, बारीक विणीची, फार जाड नको. जाड टोपी चढताना काढावीच लागते आणि मग कान उघडे पडतात. बारीक विणीची, मेरिनो मेंढीच्या लोकरीची टोपी चढतानाही सहन होते आणि थांबल्यावरही पुरते. हिवाळी ट्रेकला एकाच टोपीवर येऊ नये असं माझं मत आहे, पण कुणी आलंच तर ती लोकरीची असावी हेही माझंच मत आहे.

फ्लीसला मी कमी लेखत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स शहरातल्या माल्डन मिल्सने १९७९ च्या सुमारास हे कापड आणलं. पॉलिएस्टर विणून त्याचे फासे ब्रशने उकलायचे, की दोन्ही बाजूंनी लव उभी राहते आणि लोकरीसारखी हवा धरते. गिरणीचे मालक अ‍ॅरन फॉयरस्टीन यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही, आणि म्हणून ते जगभर झपाट्याने पसरलं, स्वस्त झालं. १९९५ च्या डिसेंबरात त्यांची गिरणी आगीत जळाली तेव्हा त्यांनी कामगारांचे पगार चालू ठेवले, ही गोष्ट मला त्या कापडाइतकीच मोलाची वाटते. १९९३ पासून टाकाऊ प्लास्टिक बाटल्यांपासूनही फ्लीस बनू लागलं. आज रैथलला येणाऱ्या कुणाही विद्यार्थ्याला परवडेल अशी उबदार टोपी मिळते ती या कापडामुळे. बर्फातल्या गिर्यारोहणाचा पहिला काळ प्रामुख्याने लोकर, रेशीम आणि सुताचा होता. १९२४ साली एव्हरेस्टवर हरवलेल्या जॉर्ज मॅलरींचा देह १९९९ मध्ये सापडला तेव्हा अंगावर याच तिन्हींचे थर होते. पण तसे कपडे शिवून घेणं फार थोड्यांना शक्य होतं. फ्लीसने डोंगर सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला.

त्याचे दोषही रोज समोर दिसतात. वारा त्यातून आरपार जातो. लोकरीच्या विणीतूनही जातो, म्हणून धारेवर कुठल्याही टोपीवर जॅकेटचं टोपडं ओढावंच लागतं. कोरड्या थंडीत फ्लीस काढताना अंधाऱ्या तंबूत ठिणग्या दिसतात, लांब केसांच्या मुलींचे केस उभे राहतात. तीन-चार दिवस सतत घातलेल्या फ्लीसला घामाचा वास धरतो आणि धुतल्याशिवाय जात नाही. लोकरीची टोपी रात्रभर मोकळ्या हवेत ठेवली की सकाळी ताजी. शिवाय फ्लीस धुताना त्यातून बारीक धागे सुटतात, पाण्याबरोबर जातात. रैथलच्या नळाचं पाणी ओढ्याला मिळतं, ओढा भागीरथीला. म्हणून सिंथेटिक कपडे मी तिथे धूत नाही. पोत्यात भरून खाली शहरात आणते. तिथेही ते धागे कुठेतरी जातातच, हे मला ठाऊक आहे, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पण निदान उगमाशी नको.

सगळ्यात मोठा घोळ वेगळाच आहे. लोकरीची म्हणून आणलेल्या टोप्यांपैकी बहुतेक लोकरीच्या नसतातच. दर हिवाळ्यात पुण्यात, नाशकात, नागपुरात तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात. माझं लहानपण त्या स्टॉलवरच्या माकडटोप्यांत गेलं आणि त्या विकणाऱ्या बायकांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. माल बहुतेक लुधियानाचा असतो आणि तो प्रामुख्याने अ‍ॅक्रिलिक. आपल्या घराघरांत आई-आजीने विणलेलं "कॅशमिलॉन" तेही अ‍ॅक्रिलिकच. मऊ असतं, रंग सुंदर असतात, कसर लागत नाही, मुलांना टोचत नाही. पुण्याच्या डिसेंबरला ते भरपूर झालं. पण रैथलच्या वर ते ना लोकरीसारखं बाष्प पोटात घेत, ना पातळ फ्लीससारखं झटक्यात वाळत. जाड विणीच्या अ‍ॅक्रिलिक टोपीत पाणी तंतूंच्या मधल्या जागांत साचतं आणि कपाळाला गार गार लागत राहतं. लोक "लोकरीची टोपी घालूनही थंडी वाजली" असं सांगतात तेव्हा मी टोपी मागून घेते. बऱ्याचदा ती ही असते.

ओळखायची पद्धत सोपी आहे आणि मी ती पहिल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर करते. शिवणीच्या आतून एक धागा ओढून घ्यायचा, चिमट्यात धरून काडी लावायची. लोकर कुरकुरत जळते, जळक्या केसांचा वास येतो, काडी बाजूला केली की आपोआप विझते, आणि राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक भसकन पेटतं, काळा धूर सोडतं, आणि शेवटी कडक काळा मणी उरतो. बोटांनी तो फुटत नाही. मिश्र धाग्यात दोन्ही थोडं थोडं दिसतं. लोक थक्क होऊन आपली टोपी उलटी करतात आणि शिवणीतला धागा शोधू लागतात. यात विकणाऱ्याने फसवलं असं मी म्हणत नाही. आपल्या बोलण्यात कुठल्याही विणलेल्या गरम कपड्याला वूलनच म्हणतात. विकत घेणाऱ्याने विचारायचं एवढंच.

या काडीनेच आमच्या स्वयंपाकघराच्या टोप्यांचा निर्णय झाला. सहभागी लोकांच्या टोप्या त्यांच्या त्यांच्या, पण आमच्या माणसांच्या टोप्या, मोजे, हातमोजे संस्था देते आणि ते मी निवडते. या खरेदीवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. वरच्या कॅम्पवर स्वयंपाकाचा तंबू लहान, आत दोन-तीन शेगड्या, कुकरची वाफ, आणि आमचे स्वयंपाकी भैजी पहाटे तीनला उठून वाकून भांडी चढवतात. पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. लोकरीला पेट घ्यायला ५७० अंशांच्या वर तापमान लागतं, आणि ती वितळत नाही, जागीच करपते. शेगडीवर वाकणाऱ्याच्या डोक्यावर फ्लीस असू नये, हे मला त्या तंबूत एकदा उभं राहिल्यावर कळलं. तेव्हापासून स्वयंपाकघराला लोकर. भैजी म्हणाले, "मॅडमजी, वाफेत पण डोकं ओलं वाटत नाही." वाफ पोटात घेणं हा तर लोकरीचा गुणच.

पुढे जाऊन बर्फात वाट मळणाऱ्या गाइड मुलांना मी पातळ फ्लीस देते. गुडघाभर बर्फात पहिली पावलं टाकणाऱ्याला जेवढा घाम येतो तेवढा मागच्या कुणालाच येत नाही, आणि तो टोपी बदलायला थांबत नाही. त्याला दुसरी लोकरीची टोपी कॅम्पसाठी. खच्चरवाल्यांना मी काही देऊ केलं की ते घेतात, नीट घडी करून ठेवतात आणि डोक्यावर घरची लोकरीचीच घालतात. कुणाच्या बायकोने विणलेली, कुणाच्या आईने. त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. त्यांच्याकडून मी शिकले की टोपीची कड कपाळावर दुमडायची, म्हणजे कानांवर दोन पदर येतात आणि वारा थांबतो. ऊन आलं की एक पदर उलगडायचा. कापड कुठलंही असो, हे दुमडणं शिकवल्याशिवाय मी आता कुणालाच वर पाठवत नाही.

काही सहभागी जैन असतात आणि विचारतात, लोकर चालेल का? मेंढीची लोकर कातरतात, मेंढी मारत नाहीत, हे मी सांगते. पण ऑस्ट्रेलियात माश्यांच्या अळ्यांपासून वाचवण्यासाठी मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीजवळची कातडी कापून काढण्याची पद्धत आहे, तेही सांगते. ते लपवून टोपी घ्यायला लावणं मला पटत नाही. ज्यांना नको त्यांच्यासाठी उत्तर तयार आहे. फ्लीसच्या दोन टोप्या, एक पातळ, एक दुहेरी, आणि दुहेरीला वारा अडवणारं अस्तर. रात्री पातळ टोपी स्लीपिंग बॅगेत पोटाशी घेऊन झोपायचं. एकजण असे पूर्ण हंगामभर आमच्याबरोबर स्वयंसेवक म्हणून राहिले आणि त्यांना कुठे कमी पडलं नाही. काळजी जास्त घ्यावी लागली, एवढंच.

आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची टोपी का नाही, असंही एका धनगर कुटुंबातल्या मुलीने मला विचारलं होतं. प्रश्न मला फार आवडला. तिच्या घरी घोंगडी होती, चिंचोक्याची खळ दिलेली, पावसात आजोबांच्या डोक्यावरून पाणी निथळून जायचं ती. पण तंतूची जाडी साधारण ३० मायक्रॉनच्या वर गेली की तो कातडीला टोचतो. मेरिनो १७ ते २३ मायक्रॉनच्या आसपास असते, दख्खनी लोकर त्याहून बरीच भरड. कपाळावर रात्रभर ती सोसवत नाही. पाठीवर, कपड्यांवरून पांघरायला तिच्यासारखं दणकट दुसरं नाही. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी घोंगडी घेऊन ये, तंबूत खाली अंथरू. ती खरंच घेऊन आली. स्लीपिंग मॅटखाली ती घोंगडी घालून झोपलेल्या तिघी मुलींनी सकाळी एकमुखाने तिची बाजू घेतली.

आमच्या लोकरीच्या टोप्या मी डुंड्याहून आणते. उत्तरकाशीच्या अलीकडे भागीरथीच्या काठाला हे गाव आहे आणि तिथे जाड नावाच्या समाजाची घरं आहेत. नेलांग आणि जादुंग ही त्यांची मूळ गावं तिबेटच्या सीमेलगत. १९६२ च्या युद्धाच्या वेळी ती रिकामी करावी लागली आणि लोक हर्षिलजवळच्या बगोरीत आले. उन्हाळ्यात बगोरी, हिवाळ्यात खाली डुंडा. मेंढ्या आणि लोकर हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. ओट्यावर ऊन खात बसलेल्या बायका बोलता बोलता सूत कातत असतात, हात थांबत नाहीत. तिथली एक दीदी मला दरवर्षी दोन प्रकार दाखवते. एक हर्षिलकडच्या मेंढीच्या लोकरीची टोपी, करड्या-तपकिरी रंगाची, थोडी खरखरीत, हातात घेतली की मेंढीचा वास येणारी. दुसरी बाहेरून येणाऱ्या मेरिनो सुताची, मऊ. पहिली स्वयंपाकघराला आणि खच्चरवाल्यांना आवडते, दुसरी शहरातून आलेल्या मुलांना.

भावावरून आमचं दरवर्षी बोलणं होतं. उत्तरकाशीच्या बाजारात अ‍ॅक्रिलिकची टोपी तिच्या टोपीच्या पाव किमतीत मिळते, हे ती स्वतःच सांगते. मग म्हणते, "मॅडम, कातायला वेळ लागतो, विणायला त्याहून. पोरी आता शिकत नाहीत, कारण पैसे नाहीत." मी भाव पाडून मागत नाही. माझ्या संस्थेत यावर दर हंगामात प्रश्न विचारला जातो आणि मी दरवेळी तेच उत्तर देते. ती टोपी नीट सांभाळली तर अनेक हंगाम जाते, स्वस्त टोपीला एका हंगामात गोळे येतात आणि कड सैल पडते. सैल कडेची टोपी कानावरून सरकते, मग ती कुठल्याही धाग्याची असो.

नीट सांभाळणं मात्र खरोखर करावं लागतं. मार्चअखेर बर्फ वितळू लागतं, तळ बंद होतो आणि टोप्यांची धुलाई निघते. कोमट पाणी, सौम्य साबण, चोळायचं नाही, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरून वाळवायचं. गरम पाण्यात लोकर घातली की खवले एकमेकांत अडकतात आणि टोपी बाळाच्या मापाची होते. वॉशिंग मशीनमधून काढलेली अशी टोपी लोक मला दाखवायला आणतात, तिला इलाज नाही. पूर्ण वाळल्यावर डांबरगोळ्या घालून डब्यात, कारण लोकरीचा शत्रू कसर, आणि तिला घामाचा डाग असलेली जागा आधी सापडते. न धुता ठेवलेली टोपी पुढच्या डिसेंबरात चाळणी झालेली निघते. फ्लीसच्या टोप्यांना यातलं काही लागत नाही, त्या एका पोत्यात मावतात.

या वर्षी दीदीला मी एक नमुना करायला सांगितला आहे. बाहेरून हर्षिलची लोकर, आणि आत कपाळापुरती मेरिनोची मऊ पट्टी, म्हणजे खरखर लागणार नाही आणि तिच्या गावची लोकरही वापरली जाईल. कड दुमडता येईल इतकी लांब ठेवायची, असंही सांगितलं आहे. पहिली टोपी तिने पाठवली. पट्टीची शिवण थोडी जाड झाली होती, हेडलॅम्पचा पट्टा नेमका तिच्यावर येऊन रुततो. ती उसवून सपाट विणायला परत पाठवली आहे. शिवण जमली की स्वयंपाकघराच्या पुढच्या हंगामाच्या सगळ्या टोप्या त्याच पद्धतीच्या घेणार आहे, आणि आगाऊ पैसे जूनमध्येच देणार आहे, कारण सूत तिला तेव्हा घ्यावं लागतं.